कळंबचं कोल्ड स्टोरेज

१

करुणाचा दिवस पाच-सात वर्षं पुढं सुरू व्हायचा. बारामतीत भिगवण रस्त्याला तिचं ऑफिस होतं. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ती खिडक्या उघडायची, चहा करून घ्यायची आणि वाचायला बसायची. जगात कुठं कोणतं नवं यंत्र निघालं, कुणी कशाचं पेटंट घेतलं, कोणत्या देशात कोणतं काम माणसाच्या हातून सुटलं, हे सगळं वाचून इथल्या उद्योगांत पुढं काय येणार याचा अंदाज बांधायचा, हे तिचं काम. दूध थंड करणारे प्रकल्प, ठिबकच्या नळ्यांचे कारखाने, द्राक्षं परदेशी धाडणारे, सगळे नवी मशिनरी घेण्याआधी तिच्याकडं एक चक्कर टाकायचे.

गावाकडं, डाळजला, लोक तिला चेष्टेनं 'पुढचं सांगणारी' म्हणत. तिच्या वडलांना, कचरू गुरुजींना, ते मुळीच खपत नसे. "ती पत्रिका बघत न्हाय, पुरावा बघती," असं ते पारावर बसून प्रत्येकाला सुनावत. शाळेत जन्म घालवलेला माणूस. लेकीला त्यांनी एकच सवय लावली होती: कुणी काही सांगितलं की आधी विचारायचं, कशावरून?

इंद्रजितलाही करुणानं हीच सवय लावली होती. कळंबचा पोरगा, इंजिनिअर झालेला, पण नोकरीत मन न रमलेला. तिच्या हाताखाली आला तेव्हा त्याला साधा अहवाल धड लिहिता येत नव्हता. तिनं त्याला शिकवलं, सोबत घेऊन फिरवलं, मोठ्या लोकांपुढं उभं केलं. मग एक दिवस पेढे घेऊन आला, पाया पडला आणि म्हणाला, आता स्वतःचं सुरू करतो. कळंबला सासऱ्यांचं एक बंद पडलेलं कोल्ड स्टोरेज होतं, डाळिंबं ठेवायचं. मशिनरी विकून गेली होती, खोली तेवढी उरली होती. तिथंच त्यानं टेबल टाकलं.

करुणानं तोंड भरून आशीर्वाद दिला. पेढा मात्र तिनं हातात धरला तसाच बशीत ठेवला.

२

त्या वर्षी इंदापूरला उद्योजकांचा मेळावा होता. आधी करुणा बोलली. तक्ते दाखवले, शक्यता सांगितल्या, 'असं होण्याची चिन्हं आहेत' असं म्हणत म्हणत, नेहमीप्रमाणं प्रत्येक वाक्याला जबाबदारीचं वजन देत ती बोलली. टाळ्याही नेहमीसारख्याच पडल्या.

मग इंद्रजित उभा राहिला. हातात कागद नाही, मागं पडद्यावर काही नाही.

"दुधाच्या प्रकल्पांनी नवे कॉम्प्रेसर घेतले," तो म्हणाला. "वीज फार वाचली. पण पहिल्या वर्षी त्यांची शिट्टी इतकी कर्कश होती, की माणसं कानात कापूस घालून कामाला यायची. पुढं कंपनीनं तोंडावर रबराची टोपी बसवली, मग कुठं शिट्टी थांबली."

सभागृह आधी गोंधळलं, मग हसलं. पुढची गोष्ट होऊन गेल्यासारखी सांगायची ही लकब लोकांना आवडली. सगळं भाषण त्यानं तसंच केलं. आले, गेले, मोडलं, बदललं. 'होईल' हा शब्द त्याच्या तोंडून एकदाही आला नाही.

करुणा पहिल्या रांगेत हसत बसली होती. ठिबकच्या नळ्या बनवणारे दादासो शेजारी होते. तिचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. ते तिच्याकडं वाकून म्हणाले, "मॅडम, तुमचा चेला तुमच्या पुढं गेला की." त्यांच्या मनात काही वावगं नव्हतं. तिनं मान डोलावली. जेवणात ताक कडू लागलं म्हणून तिनं ते तसंच ठेवलं. बाकी सगळे दुसऱ्यांदा मागून पीत होते.

३

पुढच्या हिवाळ्यात एका दूध प्रकल्पात नवे कॉम्प्रेसर आले. करुणा पाहायला गेली तेव्हा दारातच तिला ती शिट्टी ऐकू आली. आतले कामगार कानात कापसाचे बोळे घालून खुणांनी बोलत होते.

ती गाडीत येऊन बसली आणि बराच वेळ किल्ली फिरवायची विसरली. कशावरून? हे त्यानं कशावरून सांगितलं? वीज वाचेल, हे कुणीही सांगेल. शिट्टी कशी सांगितली?

घरी येऊन तिनं इंद्रजितची इंटरनेटवर होती नव्हती तेवढी भाषणं ऐकायला घेतली. आधी चूक सापडावी म्हणून ऐकली. मग चूक सापडेना म्हणून पुन्हा ऐकली. त्याचं नाव कुठं छापून आलं, कुणी त्याला बोलावलं, कुणी हार घातला, याच्यावर तिची नजर लागून राहू लागली. दादासो आता तिचा अहवाल घेताना विचारायचे, "इंद्रजितचं काय म्हणणं हाय यावर?" अशा वेळी छातीत सुरी फिरल्यासारखं व्हायचं आणि ती शांतपणे म्हणायची, विचारा ना त्यालाच.

एका सकाळी भाषण ऐकता ऐकता तिच्या लक्षात आलं. इंद्रजितच्या बोलण्यात रंग कुठंच नव्हते. यंत्र केवढं होतं, कसं दिसत होतं, त्यात दिवे होते की नव्हते, यातलं एक अक्षर नाही. होते ते सगळे आवाज. दार सरकल्याचा, पट्टा तुटल्याचा, माणसं कुरकुरल्याचा. आंधळ्या माणसानं जत्रेचं वर्णन करावं तसं.

तिनं हेडफोन काढून ठेवले. ऑफिसच्या खिडकीबाहेर ट्रक, रिक्षा, भाजीवाला, सगळं नेहमीसारखं चाललं होतं. तरी तिला खिडकी लावून घ्यावीशी वाटली.

४

एप्रिलच्या भर दुपारी ती कळंबला गेली. वालचंदनगरच्या बाजूला आलेय, म्हटलं डोकावून जावं, असं सांगितलं. इंद्रजितची बायको मोना लगबगीनं पुढं आली. घर आणि कोल्ड स्टोरेज यांच्यामध्ये फक्त अंगण. मोनानं लिंबू सरबत दिलं, तिच्या कामाची चौकशी केली आणि मोठ्या कौतुकानं म्हणाली, "ह्ये कायम म्हणत्यात, मॅडमनी घडवलं म्हणून आज हाय मी."

हे ऐकून करुणाला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

इंद्रजितनं तिला खोली दाखवली. जाड सरकता दरवाजा, त्याच्या आत प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा, आणि पलीकडं लांबट, रिकामी, पांढऱ्या भिंतींची खोली. टेबल दारापाशी होतं. खुर्ची मात्र एकटीच पार मागच्या भिंतीला तोंड करून ठेवलेली होती. बाहेर अंग भाजत होतं आणि आत पाऊल टाकताच तिच्या दंडावर काटा आला. तिनं वर पाहिलं. पंखे काढून नेलेल्या जागी नुसती भोकं होती.

"मशीन नाही म्हणालास ना?"

"नाही मॅडम. भिंती जाड आहेत म्हणून असेल."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. तिच्याकडं असताना खोटं बोलताना तो जसा खाली बघायचा, तसाच आताही खाली बघत होता. शेवटी तोच बोलला.

"तुम्हाला नाही फसवणार. मी अंदाज बांधत नाही, मॅडम. तिथं बसतो. भिंतीपलीकडं माणसं बोलत असतात, कामाचं, घरचं, कशाचंही. आपल्याकडं जे अजून व्हायचंय, ते त्यांच्याकडं होऊन गेलेलं असतं. मी ऐकतो आणि बाहेर येऊन सांगतो."

"आणि ती माणसं?"

"त्यांना मी असल्याचं कळतं बहुतेक. कधी कधी भिंतीच्या अगदी जवळ येऊन कुणीतरी विचारतं, आत कोण आहे म्हणून." त्यानं खुर्चीकडं पाहिलं. "मी उत्तर देत नाही. का ते मला सांगता येणार नाही. नाव सांगायचं नाही, एवढंच पहिल्या दिवसापासून वाटतं."

करुणा बाहेर पडून खोलीच्या मागं जाऊन आली. भिंतीपलीकडं मक्याचं रान होतं, त्यात तुषार सिंचन फिरत होतं. माणूस नाही, वस्ती नाही. जमिनीखालच्या पाइपातून आवाज येत असतील, तिनं मनाशी म्हटलं. पत्र्यातून लांबचे आवाज येतात. माणूस एकटा बसला की त्याला हवं ते ऐकू येतं. वडलांनी विचारलं असतं तर तिनं असंच उत्तर दिलं असतं.

पण परतीच्या रस्त्यावर तिला भीती वाटत नव्हती. आपण उभ्या आयुष्यात डोळे फोडून जे वाचलं, ते याला नुसतं खुर्चीत बसून मिळतंय, या विचारानं तिचं स्टिअरिंगवरचं बोट न् बोट दुखत होतं.

५

दोघं नवराबायको बाहेरगावी लग्नाला गेल्याचं तिला कळलं, तेव्हा ती पुन्हा गेली. याही वेळी दुपारच होती. खोलीला कुलूप नव्हतं. चोरायला आत होतं काय? दरवाजा सरकवताना चाकं करकरली. पट्ट्या बाजूला सारून ती मागच्या भिंतीशी गेली आणि खुर्चीत बसली.

आधी नुसता स्वतःच्या कानातला नाद. मग दूरवर काहीतरी खणखणलं. आणि मग, सभागृहाचं दार कुणी किलकिलं करावं तशी माणसं ऐकू यायला लागली. एक बाई म्हणत होती, छाटणी यंत्रं करायला लागल्यापासून हाताचे घट्टे गेले, आता हात परके वाटतात. कुणी हसलं. कुणाचं तरी पोर रडत होतं. सगळी साधी, आपल्याकडचीच बोली.

करुणा भिंतीला कान लावून बसली. ती काम विसरली, उद्योग विसरली. त्या सगळ्या आवाजांत ती एकच गोष्ट शोधत होती: स्वतःचं नाव.

ते आलं नाही. एका माइकवरून कुणीतरी म्हणालं, "इंद्रजितरावांनी हे तेव्हाच सांगून ठेवलं होतं. आज ते हवे होते." आणि टाळ्या. लांबलचक टाळ्या, पाऊस पत्र्यावर पडावा तशा. दुसरं वाक्य तिच्या कानावर पडलं, पण तिनं ते धरलं नाही. तिनं धरलं ते नाव आणि टाळ्या.

तेवढ्यात भिंतीच्या अगदी पलीकडून, शेजारणीनं दारात येऊन विचारावं तितक्या सहज, आवाज आला.

"आत कोण आहे?"

उठून जावं, असं शरीर सांगत होतं.

"आत कोण आहे?"

"इंद्रजित," करुणा म्हणाली.

पलीकडचं सगळं बोलणं एका क्षणात बंद झालं. पोराचं रडणंसुद्धा. मग जवळच्या आवाजानं ते नाव दुसऱ्या कुणाला तरी हळूच सांगितलं. त्यानं तिसऱ्याला. नाव असं एका तोंडातून दुसऱ्या तोंडात लांब लांब जात राहिलं, इंद्रजित, इंद्रजित, आणि ऐकू येईनासं होईपर्यंत ती तिथंच गोठून बसली.

बाहेर आली तेव्हा ऊन तसंच होतं. तिनं दरवाजा ओढून लावला. आपण आपलं नाव का नाही सांगितलं, हा प्रश्न तिनं स्वतःला वालचंदनगर येईपर्यंत विचारला नाही. विचारला तेव्हा उत्तर तयारच होतं: सगळं त्यालाच मिळतंय ना, मग हेही त्यालाच मिळू दे.

६

पावसाळ्याच्या तोंडावर इंद्रजित तिच्या ऑफिसात आला. गळ्याजवळची हाडं दिसत होती. दाढी वाढलेली. बसायला सांगितलं तरी तो दाराकडं पाठ करून बसेना, खुर्ची फिरवून बसला.

"मॅडम, तुम्ही खोलीत गेला होतात का? मी नसताना?"

"नाही," करुणा म्हणाली. इतक्या चटकन, की तिला स्वतःलाच नवल वाटलं.

त्यानं मान हलवली. विश्वास ठेवायचाच असं ठरवून आल्यासारखी. मग सांगत राहिला. आता तो आत बसत नाही. पण त्यांना त्याचं नाव कळलंय. हाका येतात. आधी खोलीतून यायच्या, आता अंगणातही ऐकू येतात. मोनालाही एकदा ऐकू आली. आणि हाक मारणारा आवाज एकच असतो.

"तुमचा," तो म्हणाला. "तुमच्या आवाजात येते हाक. इंद्रजित, इकडं ये, मी करुणा. फार काकुळतीनं. तुम्ही कुठंतरी अडकला आहात नि मला बोलावताय, असं वाटतं. म्हणून बघायला आलो, तुम्ही बऱ्या आहात ना."

त्याच क्षणी खरं सांगायला हवं होतं. शब्द जिभेवर आलेही होते. पण इंद्रजित पुढं म्हणाला, की इंदापूरच्या मेळाव्याला यंदा तो येणार नाही, लोकांपुढं उभं राहायची ताकदच नाही, तुम्हीच सांभाळा. आणि करुणाला आतून एक गोड, गार झुळूक लागल्यासारखं झालं. तिनं त्याला डॉक्टरचं नाव दिलं, झोप काढ म्हणाली, आणि दारापर्यंत पोचवलं.

७

मेळाव्यात ती फार छान बोलली. बोलता बोलता कधी 'होईल' सुटलं आणि 'झालं' आलं, तिचं तिलाही कळलं नाही. लोक मान डोलवत होते. दादासोंनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली होती.

ताट घेतलं आणि मोनाचा फोन आला.

"ताई, त्या खोलीत बी फोन लागला म्हणायचा," मोना हसून म्हणाली. "तुमी दोघं किती येळ बसणार? जेवायला बाहेर या की. भाकरी गार झाली."

"कोण दोघं?"

"तुमी नि ह्ये. तुमी हाक मारली म्हणून तर ह्ये आत गेलं. मी बी ऐकली, चुलीपाशी व्हते." मग तिचा आवाज जरा बदलला. "ताई, तुमच्या मागं एवढी माणसं कशाची बोलत्यात?"

करुणानं ताट जवळच्या खुर्चीवर ठेवलं आणि धावत गाडीपाशी गेली. इंदापूरहून कळंबचा रस्ता तिला कधी एवढा लांब वाटला नव्हता. रस्ताभर तिच्या डोक्यात एकच वाक्य वाजत होतं. आज ते हवे होते. ते वाक्य तिनं तेव्हाच ऐकलं होतं. ते कुणाबद्दल होतं तेही ऐकलं होतं.

८

दरवाजा सताड उघडा होता. मोना दाराबाहेर उभी होती, पदर तोंडावर धरून. ती आत जाऊन आली होती. आत कुणी नव्हतं. चपला खुर्चीपाशी काढून ठेवलेल्या होत्या, देवळात जाताना काढतात तशा नीट जोडून.

करुणा पट्ट्या सारून आत गेली. थंडी हाडांत शिरली. खोलीला दुसरं दार नव्हतं, खिडकी नव्हती, लपायला कोपरा नव्हता. मागच्या भिंतीवर, पुरुषभर उंचीला, दमट डाग उमटला होता. ती जवळ गेली. एक गाल. एक कान. पलीकडून कुणी चेहरा घट्ट दाबून धरल्यासारखा. आणि तोंड असायला हवं तिथं वाफेचा एक लहान ठिपका, जो मोठा होत होता, मग आक्रसत होता. मग पुन्हा मोठा.

वाफ आहे, ती मनाशी म्हणाली. गार भिंतीवर बाहेरची दमट हवा. ठिपका मोठा झाला. आक्रसला.

"इंद्रजित," ती ओरडली. "इंद्रजित, इकडं ये. मी करुणा."

डाग गडद झाला. कान भिंतीला अधिक जोरात टेकावा तसा. ती पुन्हा ओरडली, मग पुन्हा, रडत, भिंतीवर तळवे आपटत; आणि तसं ओरडता ओरडताच ती थांबली. आपला आवाज तिला खोलीत घुमताना ऐकू आला. फार काकुळतीनं. कुठंतरी अडकल्यासारखा.

उद्याचा आवाज इथं कालच ऐकू येतो. मग आजची हाक कुणी, कधी ऐकली? गेले कित्येक दिवस इंद्रजितच्या अंगणात जी येत होती, आज दुपारी जिच्यामागं तो चपला काढून आत आला, ती हाक कोणती होती? पलीकडच्या लोकांनी तिचा आवाज ती खुर्चीत बसली त्या दिवशी उचलला होता, की ती हीच, आत्ताची? वडलांनी शिकवलेला प्रश्न तिनं स्वतःला विचारला. कशावरून?

तिनं ओठ दाबून धरले. खोली शांत झाली. भिंतीवरचा डाग कडेनं वाळायला लागला. आधी कानाची पाळी गेली. वाफेचा ठिपका आता उशिरानं मोठा होत होता आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा लहान राहत होता.

मोना पट्ट्यांपाशी आली होती. आत यायचं तिचं धाडस होत नव्हतं.

"थांबलात का, ताई?" ती म्हणाली. "ते तुमच्याच हाकेला ओ देत्यात. माझ्या न्हाय देत, मी लई मारल्या. आणखी एकदा मारा."

करुणा हलली नाही.

"मारा की, ताई. तुमी त्यांला घडवलंय."

डागाचा गाल पुसट झाला. ठिपका एवढासा उरला, बोटाच्या टोकाएवढा. करुणानं भिंतीवर कपाळ टेकलं, डोळे मिटले, आणि हाक मारली.